सावडीला की सावडायला

सापगाव, ता. शहापूर
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय नामा,

स. न. वि. वि. पत्र बघून हसशील, हस. महिनाभर तुला फोन लावतोय आणि ती बाई मला रोज एकच सांगते, की आपण ज्यांना फोन लावलाय ते संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहेत. तुमच्या वाडीत रेंज नाही हे मला कोणी सांगायला नको. पण टेकडीवरच्या मोहाखाली येते ना? आठवड्यातून एकदा तिथं चढून फोन करायचास. आता तेवढंही नाही. शेवटी पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, कोर्टाचं काय आहे का?" साधं पत्र कोणी लिहितं यावर त्यांचा विश्वासच बसेना.

काम आहे म्हणूनच लिहितोय, खोटं कशाला बोलू. तालुक्यातले शिक्षक मिळून आपल्या बोलीतल्या शब्दांची एक पुस्तिका काढतायत. प्रत्येकाला एक विषय वाटून दिला. कोणाला भांडी, कोणाला मासे, आणि माझ्या कपाळी 'बंधुभाव आणि सोबत'. मासे मिळाले असते तर एका संध्याकाळी बाजारात उभा राहून संपवलं असतं. पंधरा दिवस बसून मी काय जमवलं, तर भाऊ, बंधू, भ्राता. केंद्रप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, हे शाळेच्या शब्दकोशातनं उतरवलंत. भ्राता कोण म्हणतं तुमच्या सापगावात?" मग मी 'भाऊबंदकी' घातला. तर म्हणाले, हा भांडणाचा शब्द, बंधुभावात कसा? आता त्यांना काय सांगू, की आपल्याकडे भावापासून निघालेला शब्द चालत चालत थेट दिवाणी कोर्टात पोचतो!

तेव्हा तूच वाचव. आमच्या घरी राहून पाच वर्षं शहापूरच्या शाळेत गेलास, मराठीत दरवर्षी माझ्या पुढे होतास, आणि शिक्षक मात्र मी झालो. तुमच्या वाडीतले शब्द पाठव. भावाला काय म्हणतात, मित्राला काय, सोबत काम करणाऱ्याला काय. सप्टेंबरअखेर द्यायचंय. 'सावड'वर मी एक परिच्छेदच लिहिणार आहे. माझे बाबा आणि तुझे आबा महादूकाका भातसाच्या धरणाच्या कामावर एका झोपडीत राहिले आणि तेव्हापासून लावणीला आणि कापणीला चार दिवस आम्ही तुमच्याकडे आणि चार दिवस तुम्ही आमच्याकडे, हे सगळं घालणार.

त्यावरून आठवलं. जुलैत मोबाइलवर तुझा निरोप आला होता, 'परवा सकाळी सावडाय ये. रामूकाकांना आण.' रागावू नकोस, मला जमण्यासारखं नव्हतं. नेमकं तेव्हा प्रशिक्षण होतं आणि हजेरी दोन वेळा घेत होते. रामूकाका म्हटल्यावर बाबा पिशवी भरून ओट्यावर बसलेच होते, पण त्यांचे गुडघे बघता चिखलात कसं पाठवू? मीच अडवलं. मुरबाडच्या मुकादमाला फोन करून दोन चांगली माणसं पाठवली, रोजाचे पैसे माझ्याकडून. काम झालं असं तो म्हणाला. तुझा मात्र 'पोचली' एवढासुद्धा शब्द नाही. त्याचं थोडं वाईट वाटलं.

महादूकाकांना नमस्कार सांग. त्यांचा खोकला कसा आहे? बाबा रोज विचारतात. बारकीवहिनींना नमस्कार.

तुझा
प्रणित


वाडी, सिद्धगड पायथा, ता. मुरबाड
२५ ऑगस्ट २०२४

आदरणीय प्रणित गुरुजी यांस,

आपले पत्र मिळाले. शाळेच्या शिपायाने आणून दिले. आपण मागितलेले शब्द खालीलप्रमाणे.

भाऊ. एका आईच्या पोटचा. कधीकधी एखाद्या घरातली आई दुसऱ्याच्या पोरालाही 'आमचा धाकटा' म्हणते, तेव्हा त्या पोराला आपण भाऊ झालो असे वाटते. ते वाटणे त्याने फार मनावर घेऊ नये.

भावकी. लग्नात आणि मयताला पुढे उभी राहणारी माणसे. बाकीच्या दिवसांत ती बांधावरून वाकडी बघत असतात. पण त्या दोन दिवशी येतात, हे त्यांच्याबाबत कबूल केले पाहिजे.

भाऊबंदकी. आपल्या केंद्रप्रमुखांचे बरोबर आहे. काढून टाका.

जोडीदार. लाकडाच्या ओंडक्याचे दुसरे टोक ज्याच्या खांद्यावर असते तो. त्याने मध्येच खांदा काढला तर ओंडका पहिल्याच्या पायावर पडतो. आपल्याला हे ठाऊक नसणार, कारण आपण खडू उचलता.

गडी. या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, खेळातला आपल्या बाजूचा सवंगडी. दुसरा, रोजावर लावलेला माणूस. पूर्वी आपण मला पहिल्या अर्थाने गडी म्हणत असाल. या जुलैत दुसरा अर्थ मला नीट समजला.

सोबती. सोबत येतो तो. येत नाही त्याला दुसरा शब्द आहे, पण तो पुस्तिकेत छापता येणार नाही.

सावड. हा शब्द आपल्याला येत नाही. तो सोडून द्या.

आपण पाठवलेली माणसे पोचली. आबाचा खोकला थांबला आहे.

आपला
नामदेव महादू


सापगाव
५ सप्टेंबर २०२४

नामा,

आज शिक्षक दिन. मुलांनी मला गुलाब दिले आणि तू हे पत्र दिलंस. गुरुजी काय, आदरणीय काय, आपण काय! तुझा राग मला समजतो असं म्हणायला मी बसलो होतो, पण खरं सांगतो, समजत नाही. दोनच माणसं पाठवली म्हणून एवढं? चार हवी होती तर सांगायचंस. मी काय तुझ्या मनात शिरून बसलोय?

तुमच्या लोकांना वाटतं, शिक्षक म्हणजे पंखा लावून बसणारा. मी पहिली ते चौथी एकटा शिकवतो, पोषण आहाराचे तांदूळ मोजतो, मतदारयाद्या करतो, आणि वर कोणीतरी प्रशिक्षणाला बोलावतं. हजेरी चुकली तर नोटीस येते. तू कधी नोटीस घेतली आहेस? नाही ना? मग मला ओंडक्याच्या गोष्टी सांगू नकोस.

सावड येत नाही म्हणतोस. मी सहावीत असल्यापासून तुमच्या खाचरात रोपं लावलीत. पायाला जळवा लागल्या तेव्हा महादूकाकांनी तंबाखूचं पाणी लावून काढल्या होत्या. हे बघ, पुस्तिकेसाठी लिहिलेली व्याख्या तशीच उतरवतो. 'सावड (स्त्री.) : शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने, मोबदला न घेता काम करण्याची पद्धत. (आता प्रचारात नाही.)' यात काय चुकलं सांग. आळीपाळीनं म्हणजे हिशेब बरोबर राहतो. मी आलो नाही, पण माझ्या जागी दोन माणसांनी काम केलं. तुझी लावणी झाली ना वेळेवर? मग?

आणि तू हे मधेच भावकी, मयत काय घेऊन बसलास! अशुभ बोलायची तुला खोडच आहे.

एक मात्र चांगलं कळलं. काकांचा खोकला थांबला हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते ताबडतोब उठले, काठी न घेता देवळात गेले आणि नारळ फोडून आले. सगळ्या आळीला खोबरं वाटलं. "महादू लय वर्सं जगणार," असं सारखं बोलत होते. तुझ्या पत्रातलं तेवढं एक वाक्य आमच्या घरात गोड लागलं.

उलट टपाली नीट लिही. शब्द राहू देत हवे तर. राग कसला ते लिही.

प्रणित


वाडी, सिद्धगड पायथा
१५ सप्टेंबर २०२४

प्रणित,

नारळ फोडला? सगळ्या आळीला वाटला?

तुझं पत्र मी बारकीला वाचून दाखवत होतो. त्या ओळीला ती उठून चुलीकडे गेली आणि मला बोलली, "आता पुरे. लिवा त्याला." म्हणून लिहितो.

आबा गेला. ९ जुलैला, दुपारी. चहा मागितला, कप हातात घेतला आणि गेला. खोकला थांबला तो असा.

त्याच दिवशी मी टेकडीवर चढून मोहाखालून तुला दोन निरोप पाठवले. पहिला, 'आबा गेला.' दुसरा, 'परवा सकाळी सावडाय ये. रामूकाकांना आण.' लावणीसाठी नाही रे शहाण्या. हाडं सावडायला. तिसऱ्या दिवसाला.

आबाचं तुला माहीत आहे, रोज संध्याकाळी ओट्यावर बसून एकच थट्टा. "मला सावडाया पोरगा नको, मला रामू सावडंल. सावड हाय आमची." रामूकाका उलट म्हणायचे, मी आधी जाणार. धरणावरच्या झोपडीत ठरलं होतं त्यांचं, की मागे राहील त्यानं दुसऱ्याचं हे शेवटचं काम करायचं. ऐकून ऐकून आपण दोघं कंटाळलो होतो. थट्टाच होती, पण आबाला त्यात खोटं काही वाटत नव्हतं.

अकरा तारखेला सकाळी आम्ही नदीवर गेलो. दोन दिवस पाऊस होता. राखेचा चिखल झालेला, हाडं चाचपून काढावी लागणार होती. भावकी आली, सगळी आली, ज्यांनी आमचा बांध फोडला तेही आले. पण मी कोणाला हात लावू दिला नाही. म्हटलं, थांबा, सापगावचे येतात. पहिली एसटी गेली. बारकी बोलली, "दुसरीनं येतील." पुरोहिताचं काम करणारे म्हातारबाबा तीनदा उठले आणि तीनदा बसले. वाडीत मीच सगळ्यांना सांगत फिरायचो, आपला एक भाऊ सापगावला हाय, शाळेत मास्तर हाय.

मग दुसऱ्या एसटीनं दोन माणसं आली. डोक्यावर प्लास्टिकचे कागद, धोतरं गुडघ्यापर्यंत खोचलेली. एकानं तंबाखू मळत विचारलं, "आमाला प्रणित गुरुजींनी धाडलंय. रोपं कुठं हायेत?"

वाडीतली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दोघांना काय ते लगेच उमगलं. एकाचं नाव शाम, दुसऱ्याचं मी विचारलंही नाही. शामनं तंबाखू फेकली, हात धुतले, चप्पल काढली आणि मला म्हणाला, "दादा, आता आलोच हाये तर बसतो." आणि बसला. माझ्या आबाची हाडं तुझ्या रोजंदारीच्या माणसांनी माझ्याबरोबर चिखलातून वेचली. दुसऱ्या दिवशी लावणीही केली, न सांगता, कारण रोज घेतला होता. जाताना शाम म्हणाला, "गुरुजींना काय सांगू?" मी म्हटलं, काही नको सांगू.

आता तुझी व्याख्या. समजा मी लावणीलाच बोलावलं होतं. तरी चुकलंय तुझं. सावडीला माणूस पाठवत नाहीत. माणूस पाठवला की ती मजुरी झाली. सावड म्हणजे ज्याची पाळी त्यानं स्वतः उठून जायचं, गुडघे दुखत असले तर बांधावर बसायचं, पण जायचं. सहा वर्षं झाली, तू एका लावणीला आला नाहीस. काका आले, तूच तेवढा नाहीस. आणि वर कंसात लिहितोस, आता प्रचारात नाही! कोणाच्या प्रचारात नाही?

अस्थी अजून सोडलेल्या नाहीत. मातीच्या गाडग्यात, फडक्यात बांधून मागच्या आंब्याला टांगल्यात. माणसं नावं ठेवतात. मी म्हणतो, ज्याचं काम आहे त्यानं यावं.

नामा


सापगाव
२२ सप्टेंबर २०२४

नामा,

तुझं पत्र शाळेत आलं. वर्गात मुलं पाढे म्हणत होती, मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. कितीदा तरी लिहायला बसलो आणि फाडलं.

तुझे जुने निरोप मी परत काढून बघितले. दुसरा आहे, पहिला नाही. 'आबा गेला' हा निरोप माझ्यापर्यंत कधी आलाच नाही. मी हे सुटायला सांगत नाही. आषाढाचे दिवस, दरवर्षी याच सुमारास आपली सावड ठरते, 'सावडाय ये' वाचलं आणि डोळ्यांसमोर खाचरच आलं. पण तू म्हणतोस ते बरोबर आहे. खाचर आलं तरी मी गेलो नसतोच. ही गोष्ट मला फार लागली आहे. चूक शब्द वाचण्यात झाली असती तर मी तुझ्या पाया पडून मोकळा झालो असतो. मला दोन्ही अर्थांनी यायचं नव्हतं.

आता एक मागतो. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी विचारतात, महादूचं काय पत्र? मी म्हणतो, ठीक आहे. नारळ वाटलाय रे त्यांनी. शेजारची माणसं अजून विचारतात, तुमचा मित्र बरा झाला ना? मी कोणत्या तोंडानं सांगू? मी असं सुचवतो, की मी रविवारी एकटा येतो. आपण दोघं मिळून अस्थी सोडू. बाबांना दिवाळीनंतर, थोडं थंड झाल्यावर सांगू. त्यांचं वय बघ. काही झालं तर?

नाही म्हणू नकोस.

प्रणित


(पोस्टकार्ड)
१ ऑक्टोबर २०२४

नाही.

गाडग्याला तू हात लावायचा नाहीस. काकांच्या वयाची काळजी मला शिकवू नको. त्यांना एकदा अडवलंस तेवढं पुरे झालं. दसऱ्यापर्यंत सांग. नाहीतर मी येऊन सांगेन, आणि मग सापगावातल्या माणसांसमोर कसं बोलेन ते माझं मला माहीत नाही.

नामा


सापगाव
२० ऑक्टोबर २०२४

नामाकाका, नमस्कार. मी रुचिता लिहितेय. आजोबांनी अट घातली आहे, की ते बोलतील तसंच लिहायचं, शाळेतलं करायचं नाही. पप्पांना दाखवायचं नाही. पुढचं सगळं आजोबांचं आहे.

नामा, पोरा. प्रणितनी मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी सांगितलं. आधी सोनं वाटू दिलं, जेवू दिलं, मंग सांगितलं. सण खराब नको म्हणून. आता माझा कोणता सण चांगला जायाचा रायलाय?

आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाय. रागानं नाय. तोंड उघडलं का काय बाहेर येईल, म्हणून बंद ठेवलं. तो माझ्यासमोर ताट घेऊन बसायचा आन् मी भिताडाकडं बघून खायाचो. घरात सगळी चोरावानी चालतात. तुझी काकी सुंदरा बोलली, "पोराला असा जाळू नका." मी बोललो, मी जाळत नाय, तोच जळतोय.

मी पिशवी भरून ओट्यावर बसलो होतो, नामा. हे तू ध्यानात ठेव. धोतर, तंबाखू, महादूला आवडते ती सुकट. एसटी मी डोळ्यानी बघितली, समोरून गेली. प्रणित बोलला, बाबा तुमचं गुडघं. गुडघं माझं हायेत, त्याचं नाय. तरी मी ऐकलं. म्हातारपणी पोराचं ऐकायची सवय लागते, ती वाईट.

आन् तो नारळ. महादू जाऊन दोन म्हयने झालेले आन् मी त्याचा खोकला थांबला म्हणून नारळ फोडला. खोबरं गोडीनं खाल्लं. तो वरून हसला असंल. बोलला असंल, रामू, तू येडा तो येडाच.

धरणावर होतो तवा तो बोलला होता, जो मागं राहील त्यानं सावडायचं. मी बोललो, मी आधी जाणार, मी तुझ्याहून मोठा. त्यानं तिथं पन घाई केली. त्याला कायम पुढच्या रांगेत उभा राहायची हौस.

त्या शामला माझा रामराम सांग, कवा भेटला तर. त्यानं माझं काम केलं. माझ्यावर त्याची एक पाळी हाय.

गाडगं सोडू नको. माणसं काय बोलायचं ते बोलू दे. मी कापणीला येतो. लावणीची माझी पाळी चुकली, कापणीची चुकवणार नाय.

रामू

ता. क. नामाकाका, हे मी माझं लिहितेय. आजोबा बोलताना मधे मधे थांबत होते, ते मला लिहिता आलं नाही. पप्पा हल्ली जेवत नाहीत. तुम्ही त्यांच्यावर अजून रागावला आहात का?


सापगाव
७ नोव्हेंबर २०२४

नामा,

ही चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरकडे देतोय, शिपायाकडे पोचवेल म्हणाला. बाबा आज पहिल्या गाडीनं निघून गेले. मला सांगितलं नाही. रुचिताला तेवढं ठाऊक होतं आणि ती गाडी गेल्यावर एका तासानं मला सांगते, "पप्पा, आजोबा बोलले, मागं यायचं नाय." माझीच मुलगी!

मी शहापूरच्या स्टँडपर्यंत धावत गेलो. बाकावर बसलो. पुढची गाडी लागली, मी उठलो नाही. मागे येऊ नकोस म्हणालेत तर कसा येऊ? आणि नाही आलो तर परत नाहीच आलो. तूच सांग यातून काय करायचं. मला काहीच नीट करता येत नाही असं झालंय. शाळेत मुलांवर ओरडतो. दिवाळीच्या सुट्टीआधी 'भाऊ' शब्दाचे समानार्थी शब्द विचारले आणि एका मुलीनं 'मित्र' लिहिलं तर मी चूक दिली. घरी येऊन परत जाऊन बरोबर केलं.

पुस्तिकेला मुदतवाढ मिळाली आहे. माझा भाग मी दिला नाही. केंद्रप्रमुख रोज विचारतात.

ते नीट पोचले का तेवढं कळव. औषधाची डबी इथेच राहिली आहे, ती कंडक्टरकडेच देतोय. आणि एक विचित्र गोष्ट. आढ्याला खोचलेले दोन्ही विळे गेलेत. त्यांचा आणि माझा जुना, ज्याच्या मुठीवर तू दाभणानं 'प्र' कोरला होतास तो. म्हाताऱ्या माणसानं दोन विळ्यांचं ओझं कशाला न्यावं?

प्रणित


वाडी, सिद्धगड पायथा
११ नोव्हेंबर २०२४

प्रणित,

काका पोचले. फाट्यापासून चालत आले, दीड तास लागला, कोणाला खांदा धरू दिला नाही. डबी मिळाली. गोळ्या घेतात, माझ्यावर ओरडून घेतात.

आल्या आल्या आंब्याखाली गेले. गाडगं स्वतः उतरवलं. आम्हाला म्हणाले, "तुमी लांब व्हा." मग तिथंच मांडी घालून बसले आणि फडकं सोडून एक एक हाड हातात घेऊन परत आत ठेवलं. सगळी. मोजल्यासारखी. म्हणाले, "आता झालं माझं सावडून." मग आम्ही नदीवर जाऊन सोडून आलो. काका पाण्यात उतरले, कमरेपर्यंत. मी अडवलं नाही.

आता मला माझं एक सांगायचं आहे आणि ते मला जड जातंय. तू लिहिलंस ना, की पहिला निरोप आलाच नाही? मला ते माहीत होतं. आबाच्या तेराव्याच्या आधी मी मोबाइल चार्ज करायला मुरबाडला गेलो तेव्हा बघितलं. 'आबा गेला' या निरोपापुढे लाल खूण होती. आबा गेला, पण 'आबा गेला' काही गेला नाही. मला तेव्हाच कळलं, की तुला काहीच ठाऊक नाही. एक फोन करायचा होता. तेराव्याला काका आले असते. मी केला नाही. वाडीतली माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती ते विसरता येईना आणि तुझ्यावर रागवलो की जरा बरं वाटायचं. तो राग मी तीन महिने सांभाळला, आणि तुझ्या पत्रांना वरून शहाणपणाची उत्तरं दिली. काकांचा नारळ तुझ्यामुळं जेवढा फुटला तेवढाच माझ्यामुळं.

हे मी काकांना काल सांगितलं. त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "मंग दोघं बी सारखेच." एवढंच. मला शिव्या घातल्या असत्या तर झोप लागली असती.

तुझ्याबद्दल एक बोलले आहेत. लिहू की नको, खूप विचार केला. बारकीनं सहज विचारलं होतं, काका, प्रणितला बोलवायचं का? तर म्हणाले, "कशाला? त्याला सांग, माझ्या वेळेला दोन मानसं धाड." घरात कोणी जेवलं नाही त्यानंतर.

पण प्रणित, विळ्यांचं तू विचारलंस. एकानं ते रोज कापतात, बसून बसून, ओळीत सगळ्यांच्या मागे. दुसऱ्याला त्यांनी पहिल्याच दिवशी दगडावर घासून धार लावली आणि तो ओट्यावरच्या कुडाला खोचून ठेवला. परवा माझ्या विळ्याची मूठ निघाली म्हणून मी तो घ्यायला गेलो, तर खाचरातून ओरडले, "तो नको घेऊ! मानूस यायाचा हाय, त्याचा हाय तो."

खालची दोन खाचरं कापायची राहिली आहेत. मला एकट्याला आठवडा लागेल, काकांना धरून सहा दिवस. कंसातलं ते 'आता प्रचारात नाही' खोडायचं की ठेवायचं, ते नंतर बघू.

स्वतः ये.

नामा